शाळेच्या कामी समाजमाध्यमे

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना मुख्याध्यापिकेने आठवणी सांगाव्यात, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आठवणी सांगण्याचा अधिकार माझ्याहून कितीतरी अधिक असलेले गुरुजन येथे बसलेले आहेत. मी आपल्यापुढे एक प्रश्न घेऊन उभी आहे. गेल्या काही वर्षांतील पालकसभांमध्ये मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न असा, की 'बाई, मुलांच्या हातात मोबाइल द्यावा की देऊ नये?' याला हो किंवा नाही असे उत्तर देऊन मी मोकळी होऊ शकते. पण त्याने पालकांचे काम होणार नाही आणि शाळेचेही नाही. मोबाइल घरात आलेलाच आहे. शाळेच्या सुट्टीची सूचनाही आज त्यावरच येते. तेव्हा प्रश्न जरा वेगळ्या रीतीने मांडावा असे मला वाटते. व्हॉट्सॲप किंवा यूट्यूब यांसारख्या समाजमाध्यमांचा शिकण्याशिकवण्यात उपयोग होतो, तो नेमका कशामुळे? आणि जेथे होत नाही, तेथे का होत नाही?

माझे मत मी आरंभीच सांगून टाकते. मुलाकडे किती सामग्री पाठवली, यावर या साधनाचे मोल ठरत नाही. मुलाकडून परत काय आले आणि ते कोणी वाचले, यावर ते ठरते. पुढचे सारे विवेचन या एका मताच्या पुष्ट्यर्थ आहे, असे समजावे.

दूर असलेल्या विद्यार्थ्याकडे ज्ञान नेऊन पोचवण्याचे काम बडोद्याला नवे नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे आपल्या शाळेतील मुलाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. त्यापुढची हकिगत तितकी सांगितली जात नाही. १९१० साली महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना येथे बोलावून घेतले, ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभे राहिले, आणि पुढे जेथे ग्रंथालय नव्हते अशा गावांकडे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जाऊ लागल्या. गावाने पेटी वाचून संपवली की ती परत यायची आणि दुसरी रवाना व्हायची. पुस्तक वाचकापर्यंत न पोचणे ही त्या काळची खरी अडचण होती व पेटीने ती दूर केली.

त्यानंतर आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम आले. १९७५-७६ या एका वर्षात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी शिक्षणाचा 'साइट' हा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत उपग्रहावरून कार्यक्रम उतरत होते. गुजरात त्या सहांमध्ये नव्हते. मात्र त्याच काळात महीपलीकडच्या खेडा जिल्ह्यात, पीज या गावच्या प्रक्षेपण केंद्रावरून, अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी व कार्यक्रम निर्मात्यांनी निराळाच उद्योग आरंभला होता. गावकऱ्यांचे प्रश्न त्यांच्याच बोलीत, त्यांनाच कार्यक्रमात घेऊन मांडायचे, आणि पाहणाऱ्यांना काय वाटले हे विचारून पुढचा कार्यक्रम बेतायचा, अशी त्याची पद्धत होती. १९८४ मध्ये या खेडा प्रकल्पाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी चरोतरात नोकरी केलेल्या मंडळींना चौकातला सामुदायिक संच कदाचित आठवत असेल.

हे सांगण्याचे कारण इतकेच, की पेटी, रेडिओ आणि दूरचित्रवाणी ही तिन्ही साधने मुलाच्या दिशेने वाहणारी होती. मुलाने गणित चुकवले तर ते रेडिओला कळत नसे. खेड्यात उलट दिशेची वाट काढली गेली, ती माणसांनी गावोगाव हिंडून. मोबाइलमध्ये ती वाट उपकरणातच आहे. बाईंनी पाठवलेल्या निरोपाखाली मूल तत्क्षणी आपले उत्तर, आपली शंका, आपल्या वहीचे छायाचित्र पाठवू शकते. या साधनात नवे असे जे काही आहे ते एवढेच. बाकीचे सारे, म्हणजे चित्र, ध्वनी, चलच्चित्र, आपल्याकडे आधीपासून होते.

आता २०२० च्या वर्षाकडे येते. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. जूनमध्ये राज्याने दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवरून घरबसल्या शिकण्याचे पाठ सुरू केले. उपक्रम चांगला होता, आणि आपल्या मुलांना गुजराती उत्तम येते, हे मी वेगळे सांगावयास नको. तरीही आपल्यासारख्या शाळेची अडचण त्यातून सुटेना. आपल्या वहीतला लसावि त्या पाठात लसाअ असतो, आणि मसावि गुसाअ होतो. सहावीच्या मुलाने एकाच आठवड्यात संकल्पनाही नवी शिकावी आणि तिची दोन नावेही लक्षात ठेवावीत, ही अपेक्षा जास्तच होती. उलट बाजूने पाहावे तर महाराष्ट्रातील शिक्षकांनी केलेले मराठी पाठ यूट्यूबवर मुबलक होते. परंतु ते बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेले, आणि आपली मुले शिकतात ती पुस्तके गुजरात राज्य पाठ्यपुस्तक मंडळाची. प्रकरणांचा क्रम निराळा, उदाहरणे निराळी. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाला ही कोंडी ठाऊक आहे. हैदराबादेत काय किंवा इंदूरमध्ये काय, राज्याची सामग्री एका भाषेत आणि आपली मुले दुसऱ्या भाषेत.

म्हणून आमच्या शिक्षकांनी आपले पाठ आपणच तयार करून व्हॉट्सॲपवर दिले. इतरत्रही हेच माध्यम मुख्य ठरले. 'असर' या सर्वेक्षणाने सप्टेंबर २०२० मध्ये ग्रामीण भारतात दूरध्वनीवरून पाहणी केली. विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते ६१.८ टक्के झाले होते. पण पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससामग्री मिळालेली मुले होती सुमारे ३६ टक्के. ज्यांना मिळाली, त्यांपैकी सरकारी शाळांतील ६७ टक्क्यांना आणि खाजगी शाळांतील ८७ टक्क्यांना ती व्हॉट्सॲपवरून मिळाली होती. या आकड्यांकडे पाहताना माझे लक्ष शब्दाकडे जाते. 'मिळाली' असा शब्द आहे. मिळालेल्या सामग्रीचे मुलाने काय केले, हा पुढचा प्रश्न शिल्लकच राहतो, आणि आम्हा शिक्षकांचे खरे काम तेथे सुरू होते.

त्या काळात काय काय ध्यानात आले, ते थोडे विस्ताराने सांगते. कारण आज शाळा नियमित भरत असली तरी आजारपण, पूर, परगावी लग्नकार्य यांमुळे मूल घरी राहते तेव्हा आम्ही तीच रीत वापरतो.

पहिली गोष्ट म्हणजे चलच्चित्रापेक्षा ध्वनिसंदेश सरस ठरला. चलच्चित्र उतरवून घेताना घरातला दिवसभराचा डेटा संपतो आणि मग वडील रागावतात. तीन मिनिटांचा ध्वनिसंदेश कोणत्याही साध्या स्मार्टफोनवर क्षणात उतरतो, दोनदा ऐकता येतो, आणि ऐकताना डोळे पुस्तकावर राहतात. 'आता पान बेचाळीस उघड, आकृतीतल्या डाव्या बाजूच्या त्रिकोणावर बोट ठेव' असे बाईंनी कानात सांगितले की मूल बोट ठेवते. आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना आरंभी या यंत्राचा मोठा कंटाळा होता. त्यांचे ध्वनिसंदेश पुढे पालकही ऐकू लागले, कारण त्या गणित सांगता सांगता अधूनमधून 'पेन्सिल खाली ठेव, खिडकीत बसू नकोस' असेही म्हणत.

दुसरी गोष्ट उत्तरांची. साठ जणांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला की पहिले उत्तर येण्यास दहा मिनिटे लागतात. मग पाच मिनिटांत तीस उत्तरे येतात, आणि ती तीसही सारखी. पहिल्याचे चुकले असेल तर सर्वांचे चुकते. हा मुलांचा लबाडपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. मला त्यात प्रश्नाचा दोष अधिक दिसतो. ज्याचे उत्तर एकच आहे असा प्रश्न चारचौघांत विचारला, तर ज्याला येते तो सांगणार आणि बाकीचे मान डोलावणार. हे वर्गातही घडते, फक्त तेथे बाई मागच्या बाकावर जाऊन वहीत डोकावू शकतात. तेव्हा एकच उत्तर असलेले प्रश्न बाईंच्या स्वतंत्र क्रमांकावर, आणि ग्रुपवर असेच प्रश्न की ज्यांचे प्रत्येक घरचे उत्तर वेगळे येईल: तुमच्या दारातून सकाळी ऊन कोणत्या भिंतीवर पडते? आजीच्या लहानपणी चिमणी हा शब्द कोणकोणत्या वस्तूंसाठी वापरत? घरातील सर्वांत जुन्या कागदावर कोणते वर्ष आहे? अशा प्रश्नाला नक्कल करून उत्तर देता येत नाही, आणि दुसऱ्याचे उत्तर वाचण्याची उत्सुकताही राहते.

तिसरी गोष्ट मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. वर्गात कधी हात वर न करणारी काही मुले तेथे बोलती झाली. सातवीतील एका मुलीचा आवाज तिच्या वर्गशिक्षिकांनी दोन वर्षांत क्वचितच ऐकला असेल. तिचा एका रात्री ध्वनिसंदेश आला. मागे कुकरची शिट्टी आणि धाकट्या भावाचे रडणे. तिने विचारले होते, की ऋण संख्येला ऋण संख्येने गुणल्यावर उत्तर धन येते हे मी पाठ केले आहे, पण ते तसे का येते? चाळीस मुलांच्या देखत हे विचारण्याचे तिचे धाडस झाले नसते. बाईंनी दुसऱ्या दिवशी तिचे नाव न घेता तोच प्रश्न सर्वांपुढे ठेवला. ती मुलगी आज अभियांत्रिकीला आहे असे सांगून मी ही गोष्ट गोड करणार नाही. ती आजही मितभाषीच आहे. पण प्रश्न मात्र ती विचारते.

या साऱ्याची किंमत कोण देतो, हेही पालकांनी जाणून घ्यावे. छायाचित्रातली वही तपासणे हे हातातली वही तपासण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे काम आहे. छायाचित्र तिरके असते, पान अर्धे कापलेले असते, अंगठ्याची सावली नेमकी उत्तरावर पडलेली असते. बोटाने पडद्यावर लाल खूण करून ते परत पाठवायचे, आणि असे एका वर्गाचे नव्हे, तीन वर्गांचे. समाजमाध्यमावर शिक्षण स्वस्तात होते असे जे म्हणतात, त्यांनी बहुधा पाठवण्याचाच हिशेब केलेला असतो. पाठवणे स्वस्त आहे; एकदा केलेला पाठ हजारांना पाठवता येतो. परत आलेले उत्तर मात्र एकेकाचेच वाचावे लागते. म्हणून आपल्या शाळेत संध्याकाळी सातनंतर शिक्षकांनी उत्तर द्यावे असा आग्रह धरू नये, असा नियम आम्ही केला आहे. काही पालकांना तो रुचत नाही. मला तो कायम ठेवावासा वाटतो, कारण थकलेल्या बाईंनी रात्री अकराला पाठवलेल्या अंगठ्याच्या चिन्हाने कोणतेच मूल शिकत नाही.

आता या साधनाच्या मर्यादांविषयी. २०२४ च्या 'असर' पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ग्रामीण मुलांना स्मार्टफोनविषयी विचारले होते. ८२ टक्के मुलांनी आपल्याला तो वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता. ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे मुलांच्या लेखी अभ्यास वेगळा आणि समाजमाध्यम वेगळे. आपण मोठ्यांनी 'साधन' म्हटल्याने ते त्यांच्यासाठी साधन होत नाही. त्यांच्या मनात ते मधल्या सुट्टीचे अंगण आहे. अंगणात शिकवू नये असे नाही, पण तेथे फळ्यासमोरची शांतता मिळणार नाही हे गृहीत धरूनच उतरावे.

त्याच पाहणीत स्वतःचा फोन असलेल्या मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा कमी आढळले. याला पाहणीची गरज नव्हती. आपापल्या घरात डोकावले तरी पुरे. एकच फोन असेल तर तो वडिलांच्या खिशात, त्यानंतर दादाच्या हातात, आणि ताईच्या वाट्याला भांडी घासून झाल्यावर. म्हणून आपल्या शाळेचा दंडक आहे, की फोनवर दिलेले कोणतेही काम कागदावर करून दुसऱ्या दिवशी दाखवले तरी पूर्ण गुण. फोन नाही म्हणून एकाही मुलीचा गृहपाठ अपुरा राहता कामा नये. येथे बसलेल्या पालकांना माझी विनंती आहे, की घरात फोनची पाळी लावताना मुलीचीही वेळ ठरवून द्यावी, अर्धा तासच का होईना, पण उजेडी, बैठकीच्या खोलीत, सर्वांच्या देखत. मुलांनाही तेथेच बसवावे.

खाजगीपणाचा विषय पालक सहसा काढत नाहीत, मी काढते. निकालाच्या दिवशी मुलांची छायाचित्रे, गुण, पूर्ण नावे आणि शाळेचा पत्ता अशी सजवलेली अभिनंदनपत्रे गावभर फिरतात. त्यामागे कौतुकच असते. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. बहुतेक समाजमाध्यमांचा स्वतःचाही नियम १३ वर्षांखालील मुलाने खाते उघडू नये असा आहे, आणि चौथीतल्या मुलाचे खाते वय वाढवून सांगून कोणी उघडून दिलेले असते, हे आपण सारे जाणतो. आपल्या शाळेत आठवीपर्यंतचे ग्रुप पालकांच्या क्रमांकांवर आहेत ते याचमुळे. एकही शिक्षक किंवा शिक्षिका मुलांच्या ग्रुपवर एकटी नसते. प्रत्येक ग्रुपवर दोन शिक्षक असतात.

आणि अफवांचा धोका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षुकी करणाऱ्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांनी ती भीती पसरवली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही, अशी मर्यादा घातली. नववीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही ही घटना शिकवतो. मुलांना आम्ही पुस्तकी व्याख्या विचारत नाही; घरच्या ग्रुपवर आलेला एखादा निरोप वहीत उतरवून आणा आणि तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोठे पडताळता येईल, एवढे शोधा असे सांगतो. पहिल्याच वर्षी सर्वाधिक निरोप आजोबांच्या प्रभातफेरीच्या ग्रुपवरचे निघाले. आजोबा मंडळींनी राग मानू नये.

भाषेविषयी न बोलता मी खाली बसले, तर माझ्या एम. ए. ला काही अर्थ उरणार नाही. आपली मुले फोनवर मराठी लिहितात ती रोमन अक्षरांत, आणि काही तर चक्क गुजराती लिपीत, कारण घरच्या फोनवर तोच कळफलक आधी बसवलेला असतो. 'मी आज येनार नाय' असे गुजराती अक्षरांत आलेले वाक्य वाचताना माझी फार करमणूक होते. कोणत्या लिपीत का होईना, मूल मराठीत बोलते आहे, याचा आनंद मी आधी मानते. पण तेवढ्यावर थांबले तर दहावीपर्यंत त्याच्या हाताला देवनागरीची सवय राहत नाही. म्हणून पाचवीपासून ग्रुपवरील लेखी उत्तर देवनागरीतच द्यावयाचे, असा आमचा आग्रह आहे. ज्याला ते जमत नाही त्याने बोलून पाठवावे. बोलणे मात्र सबंध वाक्यात. महाराष्ट्रात मूल शाळेबाहेर पडले तरी मराठी त्याच्या कानावर पडत राहते. येथे रावपुऱ्यातून मांडवीकडे जाता जाता ती विरळ होत जाते. त्यामुळे घरी संध्याकाळी येणारा बाईंचा तीन मिनिटांचा मराठी आवाज, आणि त्याला मुलाने दिलेले मराठी उत्तर, यांना आपल्याकडे अधिक मोल आहे.

आता माजी विद्यार्थ्यांकडे वळते. आपल्या प्रत्येक तुकडीचा ग्रुप आहे आणि त्यांवर सुप्रभात फार होते, एवढे म्हणून तो विषय सोडते. गेल्या सप्टेंबरमध्ये आपल्यापैकी काहींनी मुलांबरोबर एक प्रयोग केला. तो ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवसरात्र समान असतात त्या सुमारास, एक मीटर उंचीची काठी सपाट जमिनीवर उभी करायची आणि दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजायची. नववीच्या मुलांनी शाळेच्या पटांगणात मोजली ती ४१ सेंटिमीटरच्या आसपास भरली. दिल्लीहून ५४-५५ असा आकडा आला, बंगळूरहून २३. मुंबईच्या मंडळींनी ढगांची छायाचित्रे पाठवली. मग मुलांनी सावलीवरून सूर्याचा कोन काढला. दिल्ली आणि बंगळूर यांच्या कोनांत साडेपंधरा अंशांच्या जवळपास फरक आला. नकाशावर त्या दोन शहरांच्या अक्षवृत्तांमधले उत्तर-दक्षिण अंतर मोजले ते सुमारे १,७४० किलोमीटर. साडेपंधरा अंशांना इतके, तर ३६० अंशांना किती? उत्तर चाळीस हजार किलोमीटरांच्या थोडेसे पुढे येते. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, हे मुलांनी पुस्तकात वाचलेलेच होते; आता तो त्यांनी एका काठीने आणि पाच-सहा दादाताईंच्या फोनने मोजला होता. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हेच केले. त्याला दुसऱ्या गावची खबर वेगळी मिळवावी लागली. आपल्या मुलांना ती जेवणाच्या सुट्टीत मिळाली.

खरी मजा कोलकात्याच्या ताईंनी आणली. त्यांची सावली जवळजवळ बडोद्याइतकीच भरली, कारण दोन्ही शहरे जवळपास एकाच अक्षवृत्तावर आहेत. पण त्यांची सर्वांत आखूड सावली साडेअकराच्या सुमारास पडली होती, आणि आपली साडेबाराला. मुलांनी आधी त्यांच्या घड्याळावर शंका घेतली. मग रेखावृत्तांचा धडा उघडला. त्या दिवशी भूगोलाच्या बाईंना शिकवावे लागलेच नाही. फक्त प्रश्नांच्या गर्दीत शिस्त राखावी लागली. समाजमाध्यमाने शाळेच्या कामी यावे ते असे, असे मी म्हणेन. आपण देशभर विखुरलेले आहात हे एरवी शाळेला दुःखाचे वाटते. या प्रयोगात तेच उपयोगी पडले.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांकडे माझे मागणे देणगीचे नाही. ते कोषाध्यक्ष स्वतंत्रपणे करतीलच. महिन्यातून एकदा, अर्धा तास, आपल्या कामाविषयी मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला ध्वनिसंदेशाने मराठीत उत्तर द्यावे. आपल्यात रेल्वेचे सिग्नल सांभाळणारे आहेत, परिचारिका आहेत, वस्त्रोद्योगात रंग तपासणारे आहेत, बँकेत आहेत, दुग्धशाळेत आहेत. यशाची कहाणी नको. मुले विचारतील तेवढ्याचेच उत्तर हवे. आठवीच्या मुलांना सध्या जाणून घ्यावयाचे आहे, की दूध फाटले आहे हे दुग्धशाळेत चाखल्यावाचून कसे ओळखतात. उत्तर शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवावे, तेथून ते मुलांना दिले जाईल. मुलांशी थेट खाजगी संभाषण कोणीही करू नये. हा नियम माजी विद्यार्थ्यांना आणि विश्वस्तांनाही सारखाच लागू आहे.

येत्या २१ मार्चला आपण सावलीचा प्रयोग पुन्हा करणार आहोत. ज्यांची इच्छा असेल त्यांनी आपले नाव व गाव आज बाहेरच्या मेजावर नोंदवावे. मुंबईकरांनी अवश्य; मार्चमध्ये ढगांची सबब चालणार नाही. श्रीनगर, गुवाहाटी किंवा तिरुवनंतपुरम येथे कोणी असेल तर फारच उत्तम. काठी सरळ उभी आहे हे दोऱ्याला दगड बांधून तपासावे आणि बाराच्या आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करावी.

एक सूचना मात्र देऊन ठेवते. सप्टेंबरमध्ये बडोद्यात सर्वांत आखूड सावली साडेबाराच्या सुमारास पडली. मार्चमध्ये ती पावणेएकच्या सुमारास पडेल. गाव तेच, काठी तीच, दिवसरात्रही तेव्हासारखीच समान, आणि तरी पाव तासाचा फरक. तो का पडतो, हे मुलांना अद्याप कोणी सांगितलेले नाही. आपल्यापैकी ज्यांना ठाऊक असेल, त्यांनी २१ मार्चपर्यंत कृपा करून ग्रुपवर लिहू नये.